हॅलोभाऊ आणि न वाजलेली बेल

सकाळी आमच्या घरात सगळ्यांना एकाच वेळी आरसा लागतो. हे गालाला फेस लावून उभे, लेक त्यांच्या काखेखालून डोकं घालून भांग पाडतेय, आणि मी गॅससमोर. त्यात आदल्या संध्याकाळीच मी ताईकडून परत आले होते. तिच्या ऑपरेशनसाठी गेले ती बरेच दिवस तिकडेच अडकले. माझ्या माघारी या बापलेकींनी फ्रीजची जी दशा केली होती ती बघून हसावं की रडावं कळेना. दुधावर लक्ष ठेवून मी एकेक वाटी हुंगत होते, आणि तेवढ्यात दार वाजलं.

बेल नव्हे. दार. बोटांच्या पेरांनी, हळूच, थांबून थांबून.

"आई, बेल असताना दार कोण वाजवतं गं?" लेक आतून ओरडली.

मी दार उघडलं तर समोर हॅलोभाऊ.

आमच्या वसाहतीतली एकूण एक बेल ज्यांनी लावली, बिघडली तर दुरुस्त केली, पावसापाण्यात शिडीवर चढून पुसली, त्या माणसानं दार ठोठावावं, म्हणजे घड्याळजीनं रस्त्यात लोकांना वेळ विचारत फिरावं तसंच की! शर्टाची बटणं वरखाली लागली होती. दाढी वाढली होती. हातात पिशवी नाही, पक्कड नाही, टेस्टर नाही. मोकळ्या हातांचे हॅलोभाऊ मी पहिल्यांदाच पाहत होते.

"वहिनी, काल आलात ना? वॉचमन म्हणाला. चहाची वेळ आहे, माहितेय मला. पण नंतर उशीर होईल."

"या ना आत. असे दारात काय उभे राहता?"

खुर्ची मोकळी असून ते चपला ठेवायच्या स्टुलावर टेकले. हे टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर डोकावले. "काय हॅलो, आज बेलवर विश्वास नाही वाटतं?" असं म्हणून स्वतःच हसले. दुसरं कोणी हसलं नाही. मग स्वयंपाकघरात येऊन मला हळू आवाजात म्हणाले, "चहा दे, चार शब्द बोल, पण त्यांच्या भानगडीत पडू नकोस. अध्यक्षांनी सगळ्यांना सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"हेच, की उगाच कोणी तोंड उघडायचं नाही."

तोंडावर ब्रशनं फेस फिरवत हे परत आरशाकडे गेले. मी दूध उतरवलं, चहाचं आधण ठेवलं. हकिगत मला तुकड्यातुकड्यांनी आदल्या संध्याकाळी फाटकापाशीच कळली होती. वॉचमननं माझी बॅग उचलता उचलता सांगून टाकलं होतं, "हॅलोनं बायकोला दिवसभर जमिनीवर पडू दिलं, ताई. ती बटण दाबत राहिली आणि हा तिकडे पाय वर करून चहा पीत बसला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

वॉचमन खोटं बोलत नव्हता. त्यानं पाहिलं ते खरंच होतं. सगळा घोळ तिथेच आहे.

हॅलोभाऊ इथे आले तेव्हा ही जुनी इमारत नवी होती. वायरमनच्या हाताखाली केबल ओढायला आलेला एक किडकिडीत मुलगा. प्रत्येक दाराशी भिंतीत एक हँडसेट बसवायचा होता. फाटकावर पाहुण्यानं घराचा नंबर दाबला की तो वाजायचा. दाराबाहेरचं बटणही त्यालाच जोडलेलं. आणि हँडसेटच्या पोटाशी एक वेगळं बटण, ते दाबलं की ऑफिसात वाजायचं. पाणी नाही आलं, लिफ्ट अडकली, काहीही असो, ते बटण दाबायचं आणि सांगायचं. बसवून झाल्यावर हा मुलगा घरोघर फिरून तोंडाशी हँडसेट धरून एकच म्हणायचा, "हॅलो, हॅलो, येतोय का आवाज?" पोरांनी नक्कल करायला सुरुवात केली आणि त्याचं पाळण्यातलं नाव कायमचं पुसलं गेलं. पुढे केस पिकले तेव्हा 'हॅलो'ला नुसता 'भाऊ' जोडला गेला, तोही आमच्या इमारतीपुरता. नव्या इमारतींमधले त्यांना अजून 'ए हॅलो' म्हणतात.

कंत्राटदार काम संपवून गेला, हे राहिले. कोणी राहा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मग तारा गेल्या आणि त्यांच्या जागी कॉम्प्युटर आला, मशीनरूममधला सर्व्हर. फाटक, दारं, हँडसेट, सगळ्यांचा कारभार तो बघणार. कंपनीची माणसं यायची तेव्हा हॅलोभाऊ त्यांच्या खुर्चीमागे उभे राहून शिकले. फार हुशार होते अशातला भाग नाही. लिहायचे, चुकायचे, पुसायचे, परत लिहायचे. पण चिकटून बसायचे. आणि काही नीट झालं की लहान मुलासारखे खूश व्हायचे. कोणी शाबासकी द्यावी म्हणून उगाच इकडेतिकडे बघायचे.

त्यांची बायको माझी मैत्रीण. तिची माझी अगं-तुगंची ओळख. पडदे शिवायची, कपडे घट्ट-सैल करून द्यायची. कात्री चांगली चालायची आणि जीभ तिच्याहून चांगली. माझा ब्लाउज उसवताना म्हणायची, "ताईकडे जाऊन आलीस वाटतं, शिवण सांगतेय." मग एक दिवस तिची डावी बाजू गेली. पाय गेला, हात गेला, आवाज सुतासारखा बारीक झाला. धार तेवढी राहिली.

नोकरीबरोबर मिळालेली त्यांची खोली आमच्या इमारतीच्या तळघरात, पंपाच्या शेजारी. पंप चालू झाला की बशीतला चमचा थरथरतो. मोबाइलला तिथे रेंज नाही, आणि असती तरी एका हातानं तो तिला उघडताही यायचा नाही. म्हणून हॅलोभाऊंनी तिच्या खाटेशी एक हँडसेट बसवला, लांब वायरीचा. तिनं बटण दाबलं की हँडसेटवर लाल दिवा लुकलुकायचा, मशीनरूममध्ये वाजायचं, हॅलोभाऊ उचलायचे आणि दिवा हिरवा व्हायचा.

"हॅलो, बोला राणीसरकार!"

"उशी."

"आलोच."

मशीनरूम, म्हणजे ऑफिसच ते, अंगणापलीकडे, नव्या इमारतीत. उशी सरळ करायला, पाणी द्यायला, कुशीवर वळवायला हा माणूस दिवसातून किती वेळा अंगण ओलांडायचा ते मी माझ्या गॅलरीतून बघायची. कधी धावत, कधी पाय ओढत. आणि एकदा, फक्त एकदा, अध्यक्ष समोर बसले होते म्हणून त्यांनी फोन उचलला नाही. पोचले तेव्हा अंथरूण ओलं झालेलं. ती एवढंच म्हणाली, "कळली मला माझी किंमत." पण त्यानंतर कोणी भेटायला आलं की ती ओळख करून द्यायची, "हे आमचे यजमान. लाल दिवा दिसला की धावत येतात. अध्यक्ष नसले तर."

हॅलोभाऊ हसायचे. हसून कपबश्या उचलायचे.

आता त्या दिवसाकडे येते.

सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टिम जुनी झाली होती. ज्यांनी ती बनवली त्यांनी तिची डागडुजी करणं थांबवलं होतं. हे अध्यक्षांनी कुठेतरी वाचलं आणि त्यांची झोप उडाली. कॉम्प्युटरच्या वाटेनं चोर वसाहतीत शिरतील म्हणून मीटिंगमध्ये त्यांनी टेबल आपटलं. हॅलोभाऊ म्हणाले, "साहेब, करू या. पण जरा थांबून. जुन्या इमारतीतले हँडसेट जुने आहेत, ते एकदा तपासून..."

"हॅलो, तुला नवीन काही शिकायचा कंटाळा आलाय, एवढंच म्हण ना सरळ!"

सगळे हसले. ठरलं.

त्या सकाळी निघताना हॅलोभाऊ बायकोला म्हणाले, "आज मला मशीनपाशीच बसावं लागणार. जेवण उशाशी ठेवलंय. काही लागलं तर बटण दाब. मी तिथेच आहे, हलणार नाही."

शब्दाला जागले. हलले नाहीत.

नवी सिस्टिम चढली. दारांचा प्रोग्रॅम तिच्यावर सुरू झाला. कुठे कुरकुर नाही, चूक दाखवणारी एक ओळ नाही. पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं की प्रोग्रॅम चालू आहे, ऐकतो आहे. हॅलोभाऊंनी टेबलावरचा हँडसेट उचलून अध्यक्षांच्या घरी लावला. "हॅलो, येतोय का आवाज?" अध्यक्ष म्हणाले, "एकदम स्पष्ट!" फाटकावरून नव्या इमारतीतली दोन घरं वाजवून बघितली. वाजली. झालं.

झालं नव्हतं. चूक काय झाली ते हॅलोभाऊंनी मला त्या स्टुलावर बसून समजावलं, आणि मला समजलं म्हणजे कोणालाही समजेल.

प्रत्येक हँडसेटला एक पत्ता असतो. आमच्या जुन्या इमारतीतल्या हँडसेटचे पत्ते जुन्या पद्धतीचे, आखूड. नव्या इमारतींतल्यांचे नव्या पद्धतीचे, लांबलचक. सर्व्हरवरचा प्रोग्रॅम एकच कान लावून बसायचा, नव्या पद्धतीचा. पण जुनी सिस्टिम इतकी समजूतदार की त्याच कानात जुन्या पत्त्यांची हाकही आपणहून घालायची. कोणी तिला तसं सांगितलेलं नव्हतं, तिचं ते मुळातच ठरलेलं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं ते गृहीत धरलं, कुठे लिहिलं नाही. घरातल्या बाईनं रोज न सांगता पाणी भरून ठेवावं, आणि ती नसली की कळावं नळ कुठला ते, तसं. नव्या सिस्टिमनं हे मुळातलं ठरवणं बदललं. नव्या पत्त्याच्या कानानं फक्त नव्यांचं ऐकायचं, जुन्यांसाठी वेगळं सांगा. सांगणार कोण? प्रोग्रॅमला बदल झाल्याचा पत्ता नव्हता. तो आपला कान लावून बसला होताच.

आणि ऑफिसच्या टेबलावरचा हँडसेट, ज्यावरून हॅलोभाऊंनी तपासलं, तो होता नवा. अध्यक्षांनी मागच्याच वर्षी बदलून दिलेला, ऑफिस बरं दिसावं म्हणून.

त्या सकाळी मीही घरीच होते. लाँड्रीवाला दारावर बुक्क्या मारत होता. मी उघडलं तर म्हणाला, "ताई, बेल दाबून दाबून बोट दुखलं. आत काय कानात कापूस घालून बसता?" मी बाहेर येऊन बटण दाबलं. मुकं. मग आत येऊन हँडसेटवरचं ऑफिसचं बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकत राहिला, हिरवा झालाच नाही. हॅलोभाऊ कामात असतील म्हणून मी ठेवून दिला. तेवढ्यात ताईच्या घरून फोन आला, आणि मी दुपारच्या आत बॅग भरून बाहेर पडले.

सगळ्या जुन्या इमारतीत हेच चाललं होतं. ज्याला त्याला वाटलं, फक्त आपलीच बिघडली. आणि बिघडल्याची तक्रार करायची कशावरून, तर त्याच हँडसेटवरून! त्यामुळे मशीनरूममध्ये दिवसभर शांतता. इतकी शांतता हॅलोभाऊंच्या आयुष्यात कधी आली नव्हती. अध्यक्ष स्वतः येऊन खांद्यावर थाप मारून गेले, "बघितलंस? एक तक्रार नाही. उगाच घाबरत होतास." चहा मागवला, बिस्किटं मागवली. हॅलोभाऊंना शाबासकीची सवय नाही. ती त्यांच्या अंगात चढली. त्यांनी समोरचं स्टूल ओढलं, पाय वर घेतले, आणि बिस्किट बुडवून बुडवून चहा प्यायला. वॉचमन सही करायला आला तेव्हा नेमकं हेच त्यानं पाहिलं.

इकडे त्यांची बायको नवी सिस्टिम चढल्यावर थोड्याच वेळात पडली होती. पाण्याच्या तांब्याकडे हात लांब केला आणि तोल गेला. खुब्याचं हाड मोडलं. ओरडली असेल, पण तो आवाज आणि शेजारी पंप. हँडसेटची वायर उजव्या हाताला लागली, तिनं तो खाली ओढला आणि बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकायला लागला.

तिच्या लेखी लाल दिवा लुकलुकतोय म्हणजे तिकडे वाजतंय. इतकी वर्षं तसंच होतं ना! खरं तर लाल म्हणजे हँडसेट नुसता चाचपडतोय, पलीकडे कोणी सापडतंय का बघतोय. हा फरक हॅलोभाऊंना ठाऊक होता. बायकोला सांगायची कधी वेळच आली नव्हती.

ती दाबत राहिली. दिवा विझायचा, ती परत दाबायची. पंप चालू झाला, बंद झाला, परत चालू झाला. तिकडे वाजतंय, तो बसलाय, त्याला ऐकू येतंय, आणि तो येत नाही. तिनं दिवसभर जमिनीवर पडून हे इतकंच पाहिलं.

संध्याकाळी हॅलोभाऊ गुणगुणत खाली उतरले. हातात अध्यक्षांनी दिलेला केकचा खोका. दार ढकललं तर ती खाली, मुठीत हँडसेट, आणि मुठीवर तो लाल उजेड. तिनं मान वळवून पाहिलं.

"आलात? लवकर आलात आज."

हॉस्पिटलात नेलं, हाड बसवलं. दुसऱ्या दिवशी तिचे कपडे न्यायला ते खोलीत आले तर हँडसेट जमिनीवर तसाच. त्यांनी सवयीनं बटण दाबून पाहिलं. वॉचमनला मशीनरूममध्ये उभं केलं, परत दाबलं. तिकडे काही नाही. तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. मशीनरूममध्ये बसून शोधलं आणि एक ओळ लिहिली, नव्या सिस्टिमला सांगणारी की जुन्यांचंही ऐक. जुनी इमारत जिवंत झाली. कोणाची तरी बेल वाजली, कोणीतरी 'अरे, झाली की चालू!' म्हणालं. अंगणात उभं राहून ते ऐकताना आपल्याला आनंद झाला, असं त्यांनी मला स्वतः सांगितलं. "चूक सापडल्याचा आनंद, वहिनी. तेवढा एक मिनिट मी तिला विसरलो होतो."

आणि तिथेच त्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. कोणाला दाखवायच्या आधी दुरुस्त करून बसले.

अध्यक्ष म्हणाले, "एका ओळीचं काम होतं? म्हणजे एक ओळ लिहायचा तुला कंटाळा आला!" मग कोणीतरी त्यांच्या कानाशी लागलं असणार, की बाई पडली त्याचं खापर कमिटीवर फुटेल. मग मीटिंगमध्ये सूर बदलला. "बेल बंद होती कशावरून? एक तरी तक्रार आली का? एकही नाही. बेल चालूच होती. हा बसला होता चहा पीत." आधी एक ओळ राहिली होती, नंतर काही बिघडलंच नव्हतं. दोन्ही एकदम खरं कसं असेल? पण अध्यक्षांना हे विचारणार कोण? महिनाअखेर खोली रिकामी करायची, असंही त्याच मीटिंगमध्ये ठरलं.

हॉस्पिटलात तिची थोरली बहीण येऊन राहिली होती. वॉचमन बिचारा भल्या मनानं थर्मासमधून चहा घेऊन गेला, आणि बोलता बोलता त्या दिवशीच्या चहाचं, बिस्किटाचं, स्टुलाचं सगळं सांगून आला. हॅलोभाऊ पोचले तेव्हा थोरली म्हणाली, "या, बसा. स्टूल देऊ का पाय ठेवायला?"

आणि बायको म्हणाली, "मेले असते तर बरं झालं असतं. यांच्या चहात खंड तरी पडला नसता."

"अगं, वाजलंच नाही तिकडे. मशीनला ऐकू येत नव्हतं."

"मशीनला, का तुम्हाला?"

ते पत्ते सांगत बसले, नवे आणि जुने, कान आणि हाक. तिनं भिंतीकडे तोंड केलं.

घरी आणल्यावर थोरलीनं पहिलं काम काय केलं असेल, तर बटण दाबलं आणि अंगण ओलांडून ऐकून आली. "वाजतंय की गं ठणाठणा."

शेवटी हॅलोभाऊंनी काय केलं, ऑफिसातला हँडसेट काढून खाली आणला, तिच्या खाटेपाशी जोडला, मांडीवर लॅपटॉप घेतला, आणि ती एक ओळ पुसली. "आता दाबा," थोरलीला म्हणाले. तिनं दाबलं. लाल दिवा लुकलुकतोय, आणि समोरचा हँडसेट मुका. "बघ! बघितलंस? असं झालं होतं. दिवा लागतो, पण वाजत नाही!" घाम पुसत ते बायकोकडे बघायला लागले. पुन्हा तीच शाबासकीची वाट बघणारी नजर असणार, मी पाहिलेली आहे ती.

तिनं त्या दोन्ही हँडसेटकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हाला बंद करता येतं."

हे सांगताना हॅलोभाऊंनी कपाचा कान इतका घट्ट धरला होता की मला वाटलं, तुटतो आता.

"मग मी घरोघर गेलो, वहिनी. म्हटलं, माझ्यावर नाही तर दुसऱ्यावर तरी विश्वास ठेवेल." वरच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "आमची वाजली काय, न वाजली काय. आमच्याकडे येतंय कोण?" समोरचे निवृत्त साहेब म्हणाले, "माझी तर वाजली होती बुवा." ते त्या दिवशी गावातच नव्हते, पण अध्यक्षांबरोबर त्यांचा पत्त्यांचा डाव असतो. लाँड्रीवाला हात जोडून म्हणाला, "भाऊ, अध्यक्षांचे शर्ट माझ्याकडे येतात. मला मध्ये घेऊ नका." एक दोघं खाली यायला तयार झाले, तर थोरलीनं दारातच अडवलं, "शिकवून आणलीत का माणसं? चहा पाजून?"

एवढ्यात ह्यांची कामावर निघायची वेळ झाली. हे बूट घालायला आले, स्टुलावर हॅलोभाऊ बघून उभ्यानंच नाडी बांधली. लेक मागोमाग निघाली. दारातून ह्यांनी माझ्याकडे एक कटाक्ष टाकला, त्याचा अर्थ मला लग्नापासून कळतो. दार बंद झालं.

खालून पंप सुरू झाल्याची थरथर आली. माझ्या ओट्यावरच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणल्या.

"थोरली आज तिला घेऊन चाललीय," हॅलोभाऊ म्हणाले. "दुपारी गाडी येणार आहे. कायमचं. कपडे बांधून झालेत. शिलाईचं मशीन पण नेतायत, ती म्हणाली ठेवायचं नाही इथे काही."

मी पातेल्यातला उरलेला चहा त्यांच्या कपात ओतला.

"वहिनी, मी तुम्हाला आत्ता जे सांगितलं ना, ते विसरा. एकच विचारतो." त्यांनी कप खाली ठेवला. आवाज एकदम खाली आला. "त्या दिवशी तुम्ही गावाला जायच्या आधी, तुमची बेल... नाही. मी काही बोलत नाही. मी बोललो तर शिकवल्यासारखं होईल. तुम्हीच सांगा, त्या सकाळी काय झालं तुमच्याकडे?"

मी सांगितलं. लाँड्रीवाल्याच्या बुक्क्या, बाहेरचं मुकं बटण, माझ्या हँडसेटवरचा तो लाल दिवा, हिरवा न झालेला.

त्यांनी डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा रडतील असं वाटलं होतं मला, पण रडले नाहीत. दाराची चौकट धरून उभे राहिले, शर्टाची बटणं वरखाली लागलेली त्यांच्या तेव्हा कुठे लक्षात आली आणि त्यांनी ती तशीच सोडून दिली.

"तुम्ही त्याच दुपारी गेलात, काल संध्याकाळी आलात," ते म्हणाले. "मध्ये तुम्हाला कोणी भेटलं नाही. मी शिकवलं म्हणायला तिला जागाच नाही. म्हणून पहाटेपासून तुमच्या जिन्यात बसलो होतो."

"भाऊ, मी तिला थांब म्हणून सांगते..."

"नाही नाही. थांब म्हणायचं नाही तिला. मला माफ कर म्हणायचं नाही. खोलीचं नाही, कमिटीचं नाही, त्या चहाचं तर नाहीच. चहा मी प्यायलो." त्यांनी दार उघडून धरलं. "गाडी यायच्या आत एकदा खाली चला, आणि तुमची बेल त्या दिवशी वाजली नव्हती, एवढंच तिला सांगा."